गाविलगडाच्या वाटेवर दोन दिवस आणि एक जागल

अंजनगाव-सुर्जीकडच्या आमच्या शेतात उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळसर रेघ दिसते. पावसाळा सरून हवा निवळली म्हणजे ती इतकी जवळ भासते की जेवण करून सहज तिथवर जाऊन यावे. डोंगर काळा पडला की पाऊस येणार आणि धुरकट दिसला की वाट पाहावी लागणार, एवढाच आम्ही आयुष्यभर त्या रेघेचा उपयोग केला. चिखलदऱ्याला आमच्याकडचा प्रत्येक माणूस कधी ना कधी जाऊन आलेला असतो, परंतु एसटीने किंवा लग्नानंतरच्या भाड्याच्या जीपने. पायी चढून गेलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. पायथ्याची माणसे मात्र बाजारहाटासाठी आणि सोयरिकीसाठी ती चढण पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत, हे सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही काही पराक्रम केला असा समज व्हायचा.

ही कल्पना तहसीलीतून निवृत्त झालेल्या आमच्या काकाजींची. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट आमच्या परिसरात झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला पडला, १७ तारखेला देवगावी नागपूरकर भोसल्यांशी आणि ३० तारखेला आमच्याच सुर्जी-अंजनगावी शिंद्यांशी तह झाला. शाळेत आम्ही तहाचे साल पाठ केले, पण अवघ्या महिन्याभरात हे सारे कसे घडले असा प्रश्न कोणाला पडला नव्हता. काकाजींना तो पडला आणि त्याचे उत्तर डोंगर चढल्याशिवाय मिळणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. डिसेंबरचा दुसरा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार निश्चित झाला, वनविभागाकडे तीन आठवडे आधी अर्ज केला गेला आणि अकरा जणांचा गट तयार झाला. त्यात काकाजी, दोन शिक्षिका, पानमळ्याची शेती करणारे दोघे भाऊ, महाविद्यालयातील पाच मुले-मुली आणि मी होतो. काकाजींच्या सहासष्ट वर्षांची काळजी सर्वांत अधिक मलाच वाटत होती, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्यामुळे आताच नोंदवतो.

परतवाड्याहून काळी-पिवळीने आम्ही किल्ल्याच्या दक्षिण पायथ्याच्या एका गावात उतरलो, तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते. वाटाड्या म्हणून सोबत आलेला कोरकू तरुण वनविभागाच्या कामावर जाणारा होता. त्याने पहिल्याच नाल्यात आम्हांला उभे करून दोन गोष्टी सांगितल्या: एक म्हणजे कोणीही एकट्याने मागे राहायचे नाही, कारण या उतारावर अस्वले आहेत, आणि दुसरी म्हणजे जो सर्वांत हळू चालतो त्याने सर्वांत पुढे चालायचे. काकाजींना अर्थातच पुढे ठेवण्यात आले.

सातपुड्याचा हा भाग बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला असल्यामुळे चढ सलग नसतो, पायऱ्यापायऱ्यांनी येतो. आधी छातीवर येणारी एक धार, मग श्वास घेण्यापुरते सपाट मैदान, तिथे डोंगर संपला असे वाटावे तोच समोर पुढची धार. खालच्या टप्प्यात साग, धावडा आणि पळस होते. उतार कोरडा आणि खडकाळ होत गेला तसतशी सालई वाढत गेली आणि मध्येच पांढऱ्याफटक खोडाचे एखादे कहांडळीचे झाड भरदिवसा भुतासारखे उभे दिसू लागले. गवत कमरेएवढे वाढून वाळले होते आणि त्याची कुसळे पायमोज्यांत घुसत होती. नाले डिसेंबरातच कोरडे पडले होते, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर चार-चार लिटर पाणी होते, आणि त्या पाण्याचे वजन दुसऱ्या धारेवर मला जेवढे कळले तेवढे दुसरे काही कळले नाही.

त्या दुसऱ्या धारेनंतरच रांगेतील क्रम बदलावा लागला. काकाजी एका लयीत, न बोलता, बैलगाडी चालावी तसे चालत होते. मी चव्वेचाळीस वर्षांचा, पण वीस वर्षे खुर्चीवर बसून काढलेला. दर शंभर पावलांवर फोटो काढण्याच्या निमित्ताने थांबत होतो. "काहून थांबले, भाऊ?" असे काकाजींनी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा वाटाड्याने काही न बोलता माझी पिशवी धाकट्या पानमळेवाल्या भावाकडे दिली आणि मला पुढे उभे केले. उरलेला सारा डोंगर मी गटाचा म्होरक्या म्हणून चढलो. मागून मुलांचे हसणे ऐकू येत होते. परंतु हा नियम किती शहाणपणाचा आहे हे त्यानंतर रांग एकदाही तुटली नाही यावरून दिसले.

दुपारी एका सपाटीवर भाकर, झुणका आणि ठेचा खाताना वर डाव्या बाजूला गाविलगडाची तटबंदी दिसली. तिथे बसून काकाजींनी १८०३ ची हकीकत सांगितली, आणि ती ऐकायला त्याहून योग्य जागा मिळाली नसती. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली स्वतः दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे आम्ही बसलो होतो त्या अंगाला होता. इथूनही त्याने तोफा डागल्या, पण जड तोफा या चढावर आणणे अशक्य असल्यामुळे तटाला फारसे काही झाले नाही. किल्ल्यातल्यांचे लक्ष वेधण्यापुरताच त्यांचा उपयोग झाला. खरा हल्ला उत्तरेकडून, लाबाडा गावाच्या बाजूने व्हायचा होता. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ ते १२ डिसेंबर या काळात धामणगावच्या अंगाने डोंगरात शिरली आणि आधी रस्ता तयार करीत, मग त्यावरून माणसांच्या हातांनी तोफा ओढत दऱ्याखोऱ्यांतून तिथवर पोहोचली. मला चार लिटर पाणी नेता येत नव्हते. ते ऐकून मी माझी बाटली पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिली. किल्ला दक्षिणेकडून का घेता आला नाही, हे त्या क्षणी मला गुडघ्यांमधून समजले.

साडेतीनच्या सुमारास आम्ही पठारावर आलो. पाचशे-सहाशे मीटरांच्या या चढाने हवाच बदलली होती. सावलीत उभे राहिले की घाम गार पडत होता. चिखलदऱ्याच्या परिसरात महाराष्ट्रात इतरत्र न दिसणारी कॉफी होते आणि अलीकडे मोथ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीही घेतात, हे आम्हांला ठाऊक होते. परंतु आमचा मुक्काम होता तिथे हरभरा, गहू आणि काढणीला आलेली तूर एवढेच होते. गावाची रचना कोरकू गावांची असते तशी: मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपलेल्या भिंती आणि वर कवेलू. गावातले आपसांतले बोलणे आम्हांला एक अक्षरही कळत नव्हते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तिचे नातेवाईक, म्हणजे मुंडारी आणि संथाळी, दूर झारखंडात आहेत. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच माणसे असा होतो. मेळघाटातील सिपना नदीचे नावही सागाच्या कोरकू नावावरून आलेले आहे. आयुष्यभर डोंगराच्या सावलीत राहून हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळावे, याची थोडी लाज वाटली.

रात्रीची सोय वाटाड्याच्या मोठ्या भावाने आपल्या शेतात केली होती. शेत पठाराच्या अगदी कडेला, आणि त्यात जागलीची एक गवती झोपडी. जागल म्हणजे उभ्या पिकाची रात्रीची राखण, हे विदर्भात कोणाला सांगायला नको; आमच्याकडे ती रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांसाठी करतात, इथे त्यात अस्वलाची भर. स्त्रियांनी गावातल्या घरी वहिनींकडे झोपावे असे यजमानांनी सुचवले होते. त्यावर थोरल्या शिक्षिकाबाईंनी "आम्ही काय घरात झोपायले डोंगर चढलो काय?" एवढेच विचारले आणि तो विषय तिथेच संपला. झोपडीत पाच जण मावत होते. उरलेल्यांसाठी शेजारी ताडपत्री ताणून खाली कुटार अंथरले.

स्वयंपाकाचा भाग थोडक्यात आटोपता येणार नाही. थोरल्या पानमळेवाल्या भावाने घरून रोडग्यांसाठी गव्हाचे जाडसर पीठ दळून आणले होते आणि यजमानांकडून गोवऱ्या घेतल्या होत्या. रोडगे करायचे की पळसाच्या पानांत थापून पानगे, यावर अर्धा तास वाद झाला. पळसाची पाने या दिवसांत जून आणि चरबट झालेली असतात, या मुद्द्यावर रोडग्यांचा पक्ष जिंकला. पिठात ओवा आणि तेलाचे मोहन घालून त्याने गोळे वळले, गोवऱ्या पेटवून धूर सरेपर्यंत आणि लाल विस्तव उरेपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिले नाही, आणि मग गोळे विस्तवावर ठेवून एकेक करून फिरवीत राहिला. वरून करपलेला आणि आतून कच्चा रोडगा हा घाईचा पुरावा असतो, असे त्याचे म्हणणे. तोवर वांग्याची भाजी रटरटत होती. वहिनींनी घरून कुटकीचा भात पाठवला होता. बारीक, किंचित करड्या रंगाचा, वरणाबरोबर फार चांगला लागणारा. रोडगे हातावर आपटून राख झटकायची, फोडून त्यात तूप सोडायचे आणि मग बोलायचे नाही. मुलांपैकी एकाने सहा खाल्ले. पुढे पहाटे त्याची जागलीची पाळी आली, तेव्हा तो उठू शकला नाही.

यजमान रोज रात्री एकटेच जागतात हे कळल्यावर काकाजींनी आमच्या पाळ्या लावून दिल्या, दोघा-दोघांच्या, दोन-दोन तासांच्या. मला वाटते यजमानांना त्यातून झोप कमी आणि करमणूकच अधिक मिळाली असावी, कारण आमच्या पहिल्या जोडीने वाऱ्याने हललेल्या तुरीवर डबा वाजवून सारे शेत जागे केले. रात्री एक पिंगळा ओरडला. आमच्यातील पक्षिप्रेमी मुलीने तो रानपिंगळा असल्याचे जाहीर केले. नामशेष झाला असे समजला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मेळघाटातही तो आहे, त्यामुळे तिचे म्हणणे अशक्य नव्हते. वाटाड्याने पांघरुणातूनच सांगितले की हा साधा आहे, आमच्या चिंचेवर राहतो.

माझी पाळी काकाजींबरोबर दोन ते चार अशी होती. थंडी हाडांत शिरत होती आणि मी आणलेली शाल मैदानातल्या डिसेंबराची होती. शेताच्या कडेला जाऊन खाली पाहिले तर परतवाडा-अचलपूरच्या दिव्यांचा मोठा पुंजका आणि त्यापलीकडे दूरवर विरत गेलेले ठिपके. त्यातला अंजनगावचा कोणता यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि आमचे एकमत झाले नाही. काकाजी म्हणाले की पाऊस पडला म्हणजे या कडेवरून खाली आपल्याकडे जाणारे पाणी चंद्रभागेतून पूर्णेला मिळते, आणि पाठीमागच्या उतारावर पडलेले सिपनेतून तापीला. पण पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीलाच मिळते. तेवढ्यात हरभऱ्यात खसखस झाली. आम्ही दोघेही जे ओरडलो त्यात शब्द नव्हते. तीन-चार काळ्या आकृत्या बांधावरून उड्या घेत नाल्यात गेल्या. यजमान उठून आले, बॅटरीने हरभरा पाहिला, उकरलेल्या दोन ओळी पायाने सारख्या केल्या आणि म्हणाले, "आज कम खाया."

रविवारी सकाळी निघताना काकाजींच्या बुटाचा तळ सुटला. तो सुतळीने आवळून बांधला आणि त्याच बुटावर त्यांनी सारा किल्ला पाहिला. चिखलदऱ्याच्या बाजूने किल्ल्यात शिरताना चढ जवळपास नाहीच. कालचा दिवस नसता तर हा किल्ला अवघड का म्हणावा असा प्रश्न पडला असता. इ. स. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो बांधला असे इतिहासकार सांगतात, पण गवळ्यांच्या नावाने तो ओळखला जातो. दरवाज्यावर गंडभेरुंड आणि त्याच्या पकडीतील हत्ती कोरलेले आहेत. मुलांनी तिथे सर्वाधिक वेळ घालवला. आत तलाव, पडक्या मशिदी, गवतात आडव्या पडलेल्या तोफा. मला मात्र उत्तरेकडचा तट पाहायचा होता. स्टीव्हन्सनच्या तोफांनी १३ तारखेपासून या बाजूला मारा करून खिंडार पाडले. १५ तारखेला बाहेरचा किल्ला सर झाला, तरी आतला तट शाबूत होता, आणि कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो चढला तेव्हा दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले, परंतु गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे ज्यासाठी एवढ्या तोफा ओढल्या, तो किल्ला जिंकणाऱ्यांनी परत देऊन टाकला. हे सांगून काकाजी तटावर बसले आणि सुतळीची गाठ पुन्हा बांधू लागले.

परतीला चिखलदऱ्याहून परतवाड्याची एसटी मिळाली. घाटातल्या एका वळणावर, आम्ही चढून आलो ती सोंड समोर पूर्ण दिसली. तीनही धारा, त्यांमधली मैदाने आणि अगदी वर पठाराची कड. काकाजींनी सर्वांना हाका मारल्या. पक्षिप्रेमी मुलगी तेवढी जागी झाली, तिने पाहिले, "आपण इथून आलो?" असे विचारले आणि पुन्हा खिडकीला डोके टेकवून झोपली.