सांगलीतला डेमो

सहा वर्षं मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सांगली-कोल्हापूर पालथं घातलं. मग स्किन क्लिनिकना लेझर मशीन विकायला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की हे काम वेगळं आहे. औषध डॉक्टर लिहितात, पैसे पेशंट देतो. मशीनसाठी मात्र डॉक्टरांनाच कर्ज काढावं लागतं.

सांगलीतल्या एका मॅडमकडे चार महिने चकरा मारल्यावर डेमो ठरला. लिफ्ट नव्हती. ड्रायव्हर, क्लिनिकचे मामा आणि मी, तिघांनी नको असलेले केस काढायचं डायोड लेझर मशीन पहिल्या मजल्यावर चढवलं. मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १९ व्होल्ट! आमच्या इंजिनिअरची सक्त ताकीद होती, ३ च्या आत असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. अर्थिंगची वायर मीटरपाशीच सैल झाली होती. वायरमन येईपर्यंत दोन तास गेले आणि मॅडमची ओपीडी खोळंबली. मला फार अपराधी वाटत होतं.

मॅडमनी डेमोला सिस्टरनाच बसवलं. हनुवटीवर पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोनच्या बिघाडामुळे आलेले राठ केस, सावळा रंग, त्यात रोज स्कूटीवरून येऊन चेहरा रापलेला. लेझर मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य पकडतो. ते केसात असतं तसं त्वचेतही असतं. आमच्या मशीनच्या ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रापलेल्या त्वचेवर एनर्जी जास्त झाली तर भाजतं, आणि मागे राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. महिनाअखेर आहे, पूर्ण ट्रीटमेंट दाखव, ऑर्डर घेऊनच ये.

मी फोन ठेवला. "मॅडम, आज हनुवटीवर नको. कानाखाली टेस्ट पॅच घ्या, दोन दिवस बघू. आणि पीसीओएस आहे, सहा-आठ सिटिंगनंतरही थोडे केस येत राहतील. हे त्यांना आधीच सांगायला हवं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या आरशावर आम्ही चादर टाकली, सगळ्यांनी गॉगल लावले. हँडपीस मॅडमच्या हातात, मी फक्त सेटिंग सांगत होतो. पाच-सहा शॉट, बस्स.

त्या महिन्याचं टार्गेट हुकलं. साहेबांचं बोलणंही ऐकलं. दोन दिवसांनी पॅच बघायला गेलो, त्वचा स्वच्छ होती. तरी ऑर्डर यायला आणखी दोन महिने लागले, कारण बँकेची फाइल अडकली होती. तोवर सिस्टरनी रोज सनस्क्रीन लावून रापलेपणा घालवला होता.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी पहिला नंबर त्यांचाच. इथून पुढे दोऱ्यानं केस काढायचे नाहीत, मूळ जागेवर राहिलं तरच लेझर काम करतो, फक्त रेझर फिरवायचं, असं मी सांगितलं. त्या घाबरल्या. "दादा, ब्लेड लावल्यावर दाट येतील ना?"

"नाही ताई. वरून कापल्यानं मुळाला काही होत नाही. टोक बोथट होतं, म्हणून हाताला जाड लागतं."

त्यांनी आरशावरची चादर जराशी बाजूला केली आणि रेझर हातात घेतलं.