ऐकणाऱ्याचे हात मोकळे नसतात

रेडिओवरची गोष्ट कुणी मांडी ठोकून ऐकत नाही. दिंडोरीच्या बागेत द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बाया, भांडीबाजारातला दुकानदार, घरोघरी भाकऱ्या थापणारे हात, सगळे कामात असतात. मागचं पान उलटून बघायची सोय नाही. या गोष्टींची गोडी इथली, आणि त्या लिहिणाऱ्याची पंचाईतही इथलीच.

म्हणून छापील कथा उचलून वाचली की भागलं, असं होत नाही. कागदावर ‘म्हणाला’ संवादाच्या शेवटी आलेला चालतो. रेडिओवर कोण बोलतंय ते आधी सांगावं लागतं. ‘तो’, ‘त्याने’, ‘त्याला’ ओळीने आले की ऐकणारा हरवतो, तेव्हा नाव खुशाल पुन्हा घ्यावं. निवांत वाचलं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. १० मिनिटांसाठी हजार-अकराशे पुरे. लेखकांना हे पटत नाही.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका हवा. अगदी समोर असला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुत्कार त्यावर आदळतो. कागद एका बाजूला छापलेले, सुटे, आणि पानाच्या शेवटी वाक्यही संपलेलं असावं. नाहीतर नेमक्या करुण प्रसंगात पान सळसळतं.

खरी गंमत आवाजांची. रामकुंडावरची घंटा आणि पाण्याची खळखळ ऐकवली, तर ‘गोदावरी वाहत होती’ हे वाक्य खोडून टाकावं. पण खरा आवाज खरा वाटेलच असं नाही. मुसळधार पाऊस नुसता ध्वनिमुद्रित केला तर कढईत भजी तळल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा पत्र्यावर किंवा छत्रीवर पडणारे थेंब घ्यावेत. टांग्यासाठी करवंट्यांची जोडी पुरते. तांबटाचे ठोके मात्र लांबूनच टिपावेत, जवळून आवाज फाटतो.

एवढं करूनही १०१.४ मेगाहर्ट्झवरचं आकाशवाणी नाशिक केंद्र लावलेली गाडी डोंगराआड गेली की खरखर सुरू होते. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्याला इलाज नाही.

संकलनात निवेदकाचे सगळे श्वास कापू नयेत, माणूस यंत्रासारखा बोलू लागतो. विरामही राखावेत, पण बेतानं. दोन सेकंद थांबलं तर दार कोण वाजवतंय याची उत्सुकता लागते. पाच सेकंद थांबलं तर लोक रेडिओला थापट्या मारतात.