पोर्सेलीन पदके: चौदा नग झाले, एक चिरलेला

माझ्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, पदकांच्या संग्रहात गेल्या तीन महिन्यांत चार नग आले, एकूण चौदा झाले. सर्वांत जास्त आनंद दिला तो अप्पर सायलेशियाच्या जोडीने. 20 मार्च 1921 ला तिथे सार्वमत झालं, पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख जर्मनीत राहणार की पोलंडकडे जाणार यासाठी. त्याची ही दोन पदकं. दोन्ही जर्मनीतल्या माइसन गावच्या पोर्सेलीन कारखान्याची, तपकिरी, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण असलेली. पण व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला तर व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक!

एक नकली निघालं की काय, म्हणून पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, माती भाजताना आकसते. माइसनचं पांढरं पोर्सेलीन तर साधारण एक षष्ठांशाने. साचा त्या हिशेबाने मोठा करतात, तरी नगागणिक थोडा फरक राहतोच. धातूच्या नाण्याची शिस्त इथे लावलीत तर चांगला नग हातचा जाईल. मात्र खऱ्या पदकावरून साचा घेऊन नक्कल केली, तर ती भट्टीत पुन्हा आकसते. म्हणजे अर्धा मिलिमीटर चालेल, चार-पाच मिलिमीटर कमी भरले तर घेऊ नका. भिंगातून अक्षरांच्या कडाही पाहा. नकलेत त्या बोथट दिसतात.

तपकिरी माती म्हणजे माइसनच्या पोर्सेलीनचा जनक ब्योटगर याची, पांढऱ्या पोर्सेलीनच्याही आधी सापडलेली. युद्धात तांबं-निकेल शस्त्रांकडे गेलं, नंतरही सुट्या पैशांची चणचण राहिली, तेव्हा सॅक्सनीने (माइसन ज्यात येतं ते जर्मन राज्य) 1920-21 मध्ये याच मातीची नाणी काढली. माझी सुरुवातही त्या नाण्यांपासूनच झाली. आता ती घेणं थांबवलंय. जीव पदकांतच रमतो.

त्यामागे माइसनचं निकोलाय चर्च आहे. एमिल पाउल ब्यॉर्नर, ज्याने नाण्यांचे आणि कितीतरी पदकांचे नमुने घडवले, त्यानेच तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या माइसनकरांचं स्मारक पोर्सेलीनमध्ये उभं केलं. माणसाहून उंच शोकमूर्ती आणि भिंतीवर नावांच्या पाट्या. तिथे मी बराच वेळ उभा होतो. तळहातावर मावणारं पदक त्या दिवसापासून मला वेगळंच जड वाटतं.

आता वाईट बातमी. टपालाने आलेलं एक पांढरं पदक वरून निर्मळ दिसलं, पण नखाने हलकं वाजवल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द असा आला. प्रकाशासमोर धरलं, तर कडेपासून मधोमध केसासारखी चीर. विकणाऱ्याने साध्या पाकिटात घालून पाठवलं होतं. परत केलं नाही, वेगळ्या डबीत कापसावर ठेवलंय.

सफाईला मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड पाणी, एवढंच. कडेला सोनेरी मुलामा असेल तिथे ब्रशसुद्धा लावत नाही.

पुढच्या खेपेला अप्पर सायलेशियाच्या सार्वमताचंच पांढरं पदक शोधतोय. कुणाकडे दुबार असेल तर माझ्याकडची सॅक्सनीची नाणी अदलाबदलीला तयार आहेत.