तबकडी ०.४ येतेय : लग्नाच्या व्हीसीडीसाठी काय बदललं

गेल्या आठवड्यात एका रात्री अकराच्या सुमारास मावशीच्या लग्नाच्या दुसऱ्या डिस्कमधले वाईट सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे धड न वाचता येणारे माहितीचे तुकडे, पहिल्यांदाच तीनशेच्या आत आले. फेब्रुवारीत तबकडीच्या ०.३ या आवृत्तीने हीच डिस्क वाचली तेव्हा हा आकडा ४,९१२ होता. ०.४ तुमच्या हाती द्यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील, पण यावेळी आतलं इतकं काही बदललंय की आधीच लिहून ठेवावंसं वाटलं. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे अशा डिस्क पडून आहेत, त्यांना तोवर तयारीही करता येईल.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. तबकडी हा मी लिनक्सवर टर्मिनलमधून (कमांड टाइप करून) चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहितोय. त्याचं काम एकच, जुन्या घरगुती व्हीसीडीची, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीची, कच्ची प्रत काढणं, सेक्टर जसेच्या तसे उतरवून. लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची दहा-बारा वर्षं आपल्याकडे व्हिडिओवाले हे सगळं व्हीसीडीवरच देत होते. मूळ कॅसेट एकतर पुढच्या शूटिंगला वापरली गेली, नाहीतर तिला बुरशी लागली. त्यामुळे कित्येक घरांत ही डिस्क हीच एकमेव प्रत आहे.

आणि नेमकी हीच डिस्क कॉपी करायला सगळ्यात अवघड. कारण सेक्टरच्या रचनेत आहे. कुठल्याही सीडीचा एक सेक्टर २,३५२ बाइटांचा. साध्या डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइट आपले, आणि २७६ बाइट केवळ चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले. व्हीसीडीच्या व्हिडिओ ट्रॅकवर ही राखीव जागाच काढून टाकली आहे. तिथे २,३२४ बाइट व्हिडिओचे आणि शेवटी चार बाइटांचा ईडीसी, म्हणजे चूक ओळखण्यापुरता आकडा. चूक झाली हे कळतं, ती दुरुस्त करण्याचा दुसरा थर नाही. पहिला थर, ज्याला सीआयआरसी म्हणतात, तो तेवढा ऑडिओ सीडीसारखाच शाबूत असतो आणि ट्रॅकच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट तो भरून काढतो. त्यापुढे हात टेकतो. एका डिस्कवर तासाभराचा व्हिडिओ बसावा म्हणून केलेली ही तडजोड होती आणि १९९३ साली ती योग्यच होती. वीस-तीस वर्षांनी डिस्कवर चरे पडल्यावर तिची किंमत आपण मोजतोय.

डीडीरेस्क्यू का नाही, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा फार गुणी प्रोग्राम आहे. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा ठेवायचा, सोपं आधी उचलायचं आणि अवघडाकडे मागाहून वळायचं, ही तबकडीतली पद्धत मी त्याच्याकडूनच शिकलो. पण तो ड्राइव्हकडे २,०४८ बाइटांचे सेक्टर मागतो, आणि व्हीसीडीच्या व्हिडिओ ट्रॅकवर तसे सेक्टर नसतातच. म्हणून पूर्णपणे धड असलेल्या डिस्कवरही व्हिडिओची डॅट फाइल नुसती कॉपी करायला गेलं की लिनक्स इनपुट-आउटपुट एरर देतं आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. सीडीआरडीएओ हा प्रोग्राम कच्चे सेक्टर वाचतो, व्हीसीडीइमेजर त्यातून व्हिडिओ काढून देतो. चांगल्या डिस्कसाठी ही जोडी आजही पुरेशी आहे, तबकडीची गरजच नाही. तबकडी आहे ती मार खाल्लेल्या डिस्कसाठी.

मावशीची डिस्क अशी मार खाल्लेली. लग्न २००३चं, तीन डिस्कचा संच. घर चिपळूणला. २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा टीव्हीच्या कपाटाचे खालचे दोन खण बुडाले आणि अल्बम त्यातच होता. माझ्याकडे डिस्क आली तेव्हा वरचं गोल कागदी स्टिकर फुगून सुकलेलं होतं, त्यावरच्या बदामातला मावशीचा आणि काकांचा फोटो फिकट झालेला, आणि खालच्या बाजूला गाळाचा पातळ, चहाच्या रंगाचा थर. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. असं स्टिकर सोलू नका. लिहिता येणाऱ्या सीडीत माहितीचा थर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला नसतो, तो वर, लेबलच्या अगदी खाली असतो. स्टिकरबरोबर तो सोलून आला की मग कुठलाच प्रोग्राम काही करू शकत नाही. आणि गाळ म्हणजे बारीक वाळूच. तो फडक्याने पुसू नका. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून डिस्क त्यात नुसती हलवायची आणि मग उभी करून वाळवायची.

मी एकदा धुतली होती, पण पुरेशी नाही, हे मला नकाशाने सांगितलं. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास वाईट सेक्टर सलग नव्हते. साधारण दर अठरा-एकोणीस सेक्टरांनी दोन-तीन वाईट, पुन्हा चांगले, पुन्हा दोन-तीन वाईट. डिस्कच्या त्या भागात एका फेऱ्यात अठरा-एकोणीसच सेक्टर बसतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला लेझर एकाच जागी अडखळत होता, आणि तिथे मध्याकडून कडेकडे जाणारी काहीतरी रेघ असणार. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर खरोखरच गाळाचा एक वाळलेला ओघळ होता, सुतळीएवढा. पुन्हा धुतली. त्या एका धुण्याने ०.३चाच आकडा ४,९१२वरून ३,३८०वर आला. ०.४मध्ये हा हिशेब प्रोग्राम स्वतः करेल. वाईट सेक्टर फेऱ्याच्या अंतराने येताना दिसले की तो थांबून सांगेल, आधी डिस्क पाहा. ड्राइव्ह तासन्‌तास घासत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता मुख्य बदल. ०.३ सेक्टरकडे एकसंध वस्तू म्हणून पाहत होता. सेक्टर चांगला किंवा वाईट, मधलं काही नाही. ०.४ बाइटापर्यंत उतरतो. ड्राइव्हला सेक्टर मागताना सोबत सी२ पॉइंटर मागता येतात. प्रत्येक बाइटामागे एक बिट, म्हणजे २,३५२ बाइटांमागे आणखी २९४. हा बाइट मला नीट दुरुस्त करता आला नाही, असं ड्राइव्ह त्या बिटातून कबूल करतो. वाईट म्हणून टाकून दिलेल्या सेक्टरात बहुतेक वेळा दोन हजारांहून जास्त बाइट अगदी बरोबर असतात. तोच सेक्टर पुन्हा वाचला की वेगळे बाइट बिघडतात, आधीचे बिघडलेले सुधारतात. दहा वाचनांतून खूण नसलेले बाइट वेचत गेलं की पूर्ण सेक्टर उभा राहतो, आणि तो खरा की खोटा हे शेवटचे चार बाइट सांगतात.

यात दोन अडचणी आल्या आणि दोन्हींनी मला बरंच शिकवलं.

पहिली, ड्राइव्हच्या कबुलीवर किती विश्वास ठेवायचा? हे तपासायला मी एका कोऱ्या सीडीवर माहीत असलेला डेटा लिहिला आणि खालच्या बाजूला काळ्या मार्करने मध्यापासून कडेपर्यंत तीन पट्टे ओढले, एक, दोन आणि तीन मिलिमीटर रुंद. एक मिलिमीटरच्या पट्ट्यावर दोन्ही ड्राइव्हना काही वाटलं नाही. तीनवर दोघेही चुकले, पण चुकण्याची तऱ्हा वेगळी. जुना डेस्कटॉप ड्राइव्ह, जो मी ॲडॉप्टर लावून यूएसबीवर चालवतो, त्याने चुकलेल्या जवळपास प्रत्येक बाइटावर खूण केली. लॅपटॉपसोबतच्या पातळ ड्राइव्हने चुकलेल्यांपैकी तिसरा हिस्सा बिनखुणेचा सोडला. म्हणजे त्याची ‘बरोबर आहे’ ही साक्ष तेवढी पक्की नाही. म्हणून ०.४मध्ये ड्राइव्ह तपासण्याची वेगळी कमांड आहे. मार्करची डिस्क एकदा करून ठेवायची आणि नवा ड्राइव्ह घेतला की त्यावर चालवायची. त्यावरून प्रोग्राम त्या ड्राइव्हच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते ठरवतो. नंतर मार्कर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघून जातो, डिस्क पुन्हा वापरता येते.

दुसरी अडचण ड्राइव्हच्या स्मरणाची. एकच सेक्टर लागोपाठ दहा वेळा मागितला तर ड्राइव्ह डिस्ककडे एकदाच जातो आणि पुढच्या नऊ वेळा आपल्या बफरमधलं, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतलं, तेच देतो. माझ्या सुरुवातीच्या चाचण्यांत दहाही वाचनं अक्षर न्‌ अक्षर सारखी येत होती आणि मी त्याला ‘दहांची सहमती’ समजत होतो. आता प्रत्येक पुनर्वाचनाआधी तबकडी दूरचा एक लांब पट्टा वाचून बफर पुसून काढते आणि मग परत येते. वेळ चौपट लागतो. पण जे वाचन प्रत्यक्षात झालंच नाही ते मोजणं हा हिशेब खोटा, तेव्हा हा वेळ द्यायलाच हवा.

या सगळ्यानंतर एकट्या जुन्या ड्राइव्हवर मावशीच्या डिस्कचा आकडा १,१०६ झाला. मग दोन्ही ड्राइव्हची वाचनं एकत्र केली. लेन्स वेगळी, सर्किट वेगळं, त्यामुळे दोघांच्या चुका वेगळ्या जागी पडतात. काही सेक्टरांत शेवटी पाच-दहा बाइट वादाचे उरतात, एक ड्राइव्ह एक म्हणतो, दुसरा दुसरं. तिथे ०.४ सगळ्या जोड्या करून पाहतो आणि ज्या जोडीला ईडीसी जुळतो ती घेतो. मर्यादा सोळा बाइटांची ठेवली आहे. सोळा जागी दोन-दोन पर्याय म्हणजे ६५,५३६ जोड्या. ईडीसी ३२ बिटांचा असल्यामुळे एवढ्या जोड्यांत निव्वळ योगायोगाने एखादी जुळण्याची शक्यता ६५,५३६मध्ये एक. ती मी स्वीकारतो. सतरा-अठरा केलं तर आणखी थोडे सेक्टर ‘सुटतील’, पण त्यातला एखादा चुकीचा असला तर कधीच कळणार नाही. अशा सुटलेल्या सेक्टरांची नकाशात वेगळी खूणही ठेवली आहे. एकत्र केल्यावर २,७१,३४८ सेक्टरांपैकी २१२ उरले. एका सेकंदात ७५ सेक्टर, म्हणजे तासाभरात तीन सेकंदांहून कमी.

ज्या डिस्कवर ईडीसी भरलेलाच नाही तिथे हे काही चालत नाही. या प्रकारच्या सेक्टरात तो शून्य ठेवायला परवानगी आहे, आणि काही व्हिडिओवाल्यांच्या सॉफ्टवेअरने ती घेतलेली दिसते. अशा डिस्कवर सध्या फक्त एवढंच तपासतो की सेक्टरच्या सुरुवातीला एमपीईजी पॅकची (व्हिडिओच्या तुकड्याची) खूण आहे का आणि वेळेचा आकडा मागच्या-पुढच्याशी जुळतो का. हे कच्चं आहे. ०.५मध्ये यावर जास्त काम करीन.

किरकोळ गोष्टी : वेग आता आपोआप ४एक्सवर (मूळ वेगाच्या चौपट) येतो, स्टिकर लावलेल्या डिस्क त्याहून जोरात फिरवल्या की थरथरतात. नकाशाची फाइल दर मिनिटाला साठवली जाते, त्यामुळे वीज गेली तर तिथूनच पुढे. टर्मिनलवरचे सगळे संदेश मराठीत केलेत.

एक निर्णय काहींना पटणार नाही. न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी तबकडी शेजारच्या फ्रेम ओढून डाग झाकणार नाही. कच्च्या प्रतीत तो सेक्टर जसा मिळाला तसा राहील आणि नकाशात त्याची नोंद राहील. पाहण्यासाठी वेगळी, साफसूफ केलेली फाइल कुणीही बनवावी, पण मूळ प्रतीत काय मिळालं आणि काय नाही हे उद्याच्या माणसाला कळलं पाहिजे. त्याच्याकडे आपल्याहून चांगला ड्राइव्ह असेल.

उरलेले २१२ कुठे आहेत ते दुसऱ्या दिवशी शोधलं. बरेचसे जेवणाच्या पंगतीत विखुरलेत, चित्रात अर्धा सेकंद चौकटी उमटतात, बस. पण एकतीस सेक्टर एकाच जागी आहेत. मंगलाष्टकं चालू आहेत, आजोबा माइक हातात घेऊन स्वतः रचलेलं शेवटचं कडवं म्हणताहेत, आणि तिसऱ्या ओळीत आवाज तुटतो. आजोबा २००९ साली गेले. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. मावशीला फोनवर एवढा तुकडा ऐकवला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, तुझ्या काकांच्या घरच्यांकडेही एक संच होता की. व्हिडिओवाल्याने दोन्हीकडे दिला होता.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही संच एकाच इमेजवरून (डिस्कच्या तयार फाइलवरून) लिहिले असतील तर त्याच क्रमांकाच्या सेक्टरात तोच डेटा असणार, आणि एका प्रतीची जखम दुसरी भरून काढेल. गेल्या चार दिवसांत दोन प्रती जुळवण्याचा भाग लिहिला. तो आधी दोन्हींतले चांगले एक हजार सेक्टर पडताळतो, आणि सगळे तंतोतंत सारखे निघाले तरच पुढे जातो. व्हिडिओ पुन्हा एन्कोड करून लिहिला असेल तर इथेच थांबतो. मी स्वतः लिहिलेल्या दोन डिस्कवर हे चाललं.

काकांच्या मोठ्या बहिणीने कराडच्या घरी माळ्यावर शोधलं. संच सापडला, कव्हरसकट, पुराचं पाणी न पाहिलेला. रविवारी मी तो आणायला जातोय.