पांढऱ्यावर पांढरं

गणपती उठले की आमच्याकडे फोन सुरू होतात. दिवाळीच्या आत घर रंगवून हवं असतं. पितृपक्षात नवं काम काढायला लोक बिचकतात, पण शेड ठरवायला हरकत नसते, म्हणून तो पंधरवडा माझ्यासारख्या रंगसल्ला देणाऱ्यांचा धावपळीचा. डोंबिवली पूर्वेतलं हे काम त्याच दिवसांत आलं. टू बीएचके, नवरा-बायको दोघंही नोकरीला, शाळकरी मुलगी, आणि राजापूरकडचं घर बंद करून अलीकडेच मुलाकडे राहायला आलेल्या आजी.

फोनवरच मागणी स्पष्ट होती. सगळं घर पांढरं, मोकळं वाटलं पाहिजे. आजींच्या खोलीला तेवढा फिकट लव्हेंडर नाहीतर राखाडी निळा, म्हणजे त्यांना शांत वाटेल.

घर आधीच बरंचसं पांढरं होतं. खाली चकचकीत पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल, भिंती पांढऱ्या, दारांना पांढरं लॅमिनेट. बाथरूमला पांढऱ्या संगमरवराची चौकट आणि तसाच उंबरा, आत छतापर्यंत पांढऱ्या टाइल, कमोड पांढरा, बादलीसुद्धा पांढरी. वर 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूब. मी मापं घेत असताना आजी खोलीतून बाथरूमकडे निघाल्या. दाराशी येऊन थांबल्या, हाताने चौकट चाचपली, मग पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याची कड शोधली आणि पाऊल आत टाकलं. दिवसाउजेडी, दिवे लावलेले असताना.

सूनबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली आणला. "आईंना हल्ली कळेनासं झालंय हो. परवा कपात दूध ओतायला घेतलं, अर्धं ओट्यावर. ताटात भात तसाच ठेवतात आणि म्हणतात जेवले. न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय." त्या तक्रार करत नव्हत्या. काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता.

ओटा पांढरा क्वार्ट्झचा. कप आतून-बाहेरून पांढरे. ताटल्याही पांढऱ्या. मी विचारलं, आतूनही गडद असलेला एखादा मग आहे का घरात? मुलीचा एक होता, किरमिजी. आजींना बोलावलं, म्हटलं, आजी, जरा यात दूध ओता ना. त्यांनी पातेलं उचललं आणि काठाच्या बोटभर खाली नेमकं थांबवलं. ओट्यावर थेंबही नाही. मग पांढरा कप पुढे केला. पातेलं हवेतच घुटमळलं. "कुठवर भरलाय ते दिसत नाही गो," आजी म्हणाल्या.

सूनबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी डॉक्टर नाही आणि तसं त्यांना सांगितलंही. न्यूरोलॉजिस्टची वेळ मोडू नका, पण त्याआधी डोळे दाखवा. आजींना मोतीबिंदू आहे हे घरात माहीत होतं, पण तो 'पिकल्याशिवाय काढत नाहीत' अशी गावाकडची जुनी समजूत होती. आता तसं राहिलेलं नाही. पिकण्याची वाट न बघता रोजच्या कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रिया करतात.

मग मी शेडकार्ड काढलं. आजींच्या खोलीसाठी मुलाने तीन शेड खुणा करून ठेवल्या होत्या: लव्हेंडर, राखाडी निळा आणि एक पिस्त्याकडे झुकणारा. तिन्ही खिडकीत नेऊन आजींसमोर धरले. "हे तिन्ही एकच आहेत," त्या म्हणाल्या, "मळकट पांढरे." गेरूचा तुकडा दाखवल्यावर मात्र लगेच, "ही आमची काव!"

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. मोतीबिंदूत हे आणखी वाढतं. त्यामुळे फिकट निळा, जांभळा, राखाडी एकमेकांत मिसळून जातात, तांबडा आणि पिवळा टिकून राहतात. शिवाय साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हातारी माणसं राहतात त्या घराला 'शांत' म्हणून फिकट निळा सुचवला जातो तेव्हा मला राग येतो. ज्यांच्यासाठी तो निवडला, त्यांना तो दिसतच नाही.

रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा 0 ते 100 असा एक आकडा असतो, एलआरव्ही. बऱ्याच कंपन्या शेडच्या माहितीत तो देतात. चांगल्या पांढऱ्याचा 80 च्या पुढे जातो. जमीन आणि भिंत, भिंत आणि दार अशा शेजारच्या दोन पृष्ठभागांत निदान 30 चा फरक असावा, असं ब्रिटनमध्ये सार्वजनिक इमारतींसाठी धरतात. या घरात तो फरक जवळजवळ शून्य होता.

आजी बोलत्या झाल्या. गावच्या घरात जमीन शेणाने सारवलेली, भिंतींना नीळ टाकलेला चुना, खाली वीतभर कावेचा पट्टा, चौकटी सागाच्या, तेल पिऊन काळ्या झालेल्या. "काळोखात पण दार सापडायचं." मी मुलाकडे पाहिलं. त्याच घरात वाढलेला माणूस तो. पट्टा कशाला असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी उडून भिंत खराब दिसू नये म्हणून, असं त्याला वाटायचं. तेही खरंच आहे. पण भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते त्या पट्ट्याने कळतं.

त्या दिवशी आम्ही शेड ठरवल्या नाहीत, काम दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. ऑपरेशननंतर आजींना रंग वेगळे दिसणार, मग त्यांच्या खोलीची भिंत आत्ता रंगवण्यात अर्थ नव्हता. जे धोक्याचं होतं ते मात्र लगेच. दारांच्या चौकटींभोवती भिंतीवर चार बोटं रुंद गेरू पट्टा, स्कर्टिंग त्याच रंगात. बाथरूमच्या उंबऱ्याला गडद, न घसरणारी पट्टी, कमोडला गडद सीट, धरायला काळा दांडा. स्विचबोर्डांभोवती रंगीत कड. ट्यूब काढून 4000 केल्विनचे, म्हणजे कमी निळसर उजेडाचे, आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचे दिवे, संख्येने जास्त, पण डोळ्यांवर थेट न येणारे. भिंतींना मॅटच, कारण चकाकी अशा डोळ्यांना फार त्रास देते. दारात काळं पायपुसणं टाकलेलं होतं, ते काढायला लावलं. अंधूक डोळ्यांना ते खड्ड्यासारखं दिसतं आणि माणूस ते ओलांडायला जातो.

पेंटर कुरकुरला. पांढऱ्या घरात गेरू पट्टा म्हणजे देवळासारखं दिसेल, लोक नावं ठेवतील. पहिल्या दाराला दुसरा हात मारून झाल्यावर आजी खोलीतून बाहेर आल्या आणि चौकट न चाचपता निघून गेल्या. त्यानंतर तो काही बोलला नाही, उलट स्कर्टिंगची रेघ मास्किंग टेप लावून अगदी निगुतीने काढली.

दिवाळीनंतर आजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला बोलावलं तेव्हा त्या पलंगावर बसून आलटून पालटून एकेक डोळा झाकत होत्या. "या डोळ्याने भिंत निळीसार पांढरी. या डोळ्याने हळदीचा हात लागल्यासारखी." फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 1923 साली झालं. त्याआधीच्या चित्रांत तांबडे-पिवळे रंग कसे दाटत गेले ते दिसतं. तेच आजी मला एका खोलीत बसून दाखवत होत्या.

दुसरा डोळा झाल्यावर खोलीची शेड त्यांनीच निवडली. मला वाटलं होतं काव मागतील. त्यांना निळा हवा होता, चुन्यात नीळ टाकल्यासारखा. मी कार्डशीटवर दोन हात मारून तीन नमुने केले आणि सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर भिंतीवर फिरवून दाखवले. समोरची इमारत विटकरी आहे, दुपारी तिची झाक खोलीत उतरते, त्यात पहिला निळा जांभळट होत होता. किंचित हिरव्याकडे झुकणारा घेतला, तो टिकला.

हॉल सूनबाईंच्या मनासारखा पांढराच ठेवला. पट्टा आणि स्कर्टिंग असल्यावर त्यात काही वावगं नाही. न्यूरोलॉजिस्टकडे त्या जाऊन आल्या, काळजीचं काही निघालं नाही. बाथरूमच्या टाइल मे महिन्यात बदलायच्या आहेत. जमीन गडद, खडबडीत, भिंतींपेक्षा वेगळी, एवढं मी लिहून दिलंय. दुकानात टाइल बघायला आजी स्वतः येणार आहेत.