रोस्किल्ड: डेन्मार्कच्या राजघराण्याची दफनभूमी

कोपनहेगनहून पश्चिमेकडे जाणारी रेल्वे अर्ध्या तासाच्या आत रोस्किल्डला पोहोचते, आणि स्थानकातून जुन्या गावाच्या दिशेने चालू लागले की कॅथेड्रलचे दोन निमुळते मनोरे घरांच्या छपरांवरून डोकावू लागतात. डेन्मार्कचे जवळपास चाळीस राजे आणि राण्या येथे चिरविश्रांती घेत आहेत. बिशप अबसालोन यांच्या काळात, ११७० च्या दशकात, लाल विटांनी बांधायला घेतलेली आणि १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही वास्तू पाहताना मला सर्वांत प्रकर्षाने जाणवले ते हे, की तिला आजचा आकार राजांच्या मृत्यूंनी दिला आहे. नव्या थडग्यांसाठी जागा हवी झाली की मूळ भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला नवे चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, बांधायचे, हा क्रम पंधराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. त्यामुळे या कॅथेड्रलला बाहेरून नुसती प्रदक्षिणा घातली तरी डॅनिश स्थापत्याचा मोठा इतिहास पाहून होतो.

मुख्य वेदीच्या मागे मार्ग्रेटे पहिली हिचे थडगे आहे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्ये १३९७ साली काल्मारच्या संघात एकत्र आणणारी ही राणी १४१२ मध्ये फ्लेन्सबर्गच्या बंदरात जहाजावर मरण पावली. तिला आधी सोरोच्या मठात, जिथे तिचे वडील विसावले होते तिथेच, पुरले होते. परंतु पुढच्याच वर्षी रोस्किल्डचे बिशप पेडर येन्सन लोडेहाट यांनी तिचा देह येथे आणून मोठ्या थाटात पुन्हा पुरला. राजघराण्याची दफनभूमी म्हणून रोस्किल्डला जे स्थान मिळाले त्याचे मूळ मला या निर्णयात दिसते, आणि थडग्यावरची तिची पांढरी, शांत मुद्रेची शिल्पाकृती पाहताना तिच्यानंतरच्या कोणत्याही राजाची भव्य शवपेटी तिची बरोबरी करू शकत नाही असे वाटते. जवळच्या खांबांमध्ये तिच्याही आधीच्या काळातील अस्थी आहेत. त्यांतील एक अस्थिसंच राजा स्वेन एस्ट्रिडसनच्या आईचा मानला जात असे, पण डीएनए तपासणीनंतर ती स्त्री त्याची आई असू शकत नाही हे स्पष्ट झाले.

ख्रिश्चन पहिला याच्या चॅपलमधील खांबावर राजांच्या उंचीच्या खुणा आहेत. तिथे त्याची स्वतःची उंची २१९.५ सेंटीमीटर दाखवली आहे, जी वास्तवापेक्षा बरीच अधिक आहे.

मी सर्वांत अधिक वेळ थांबलो तो उत्तरेकडील ख्रिश्चन चौथा याच्या चॅपलमध्ये. कास्पर फिंके या लोहाराने घडवलेल्या नक्षीदार जाळीमागे या राजाची शवपेटी आहे. भारतीय प्रवाशाने येथे थांबायलाच हवे, कारण याच राजाने १६१८ साली ओव्हे ग्येडे याच्या नेतृत्वाखाली जहाजांचा ताफा पूर्वेकडे धाडला, आणि १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तमिळ किनाऱ्यावरची तरंगमबाडी डॅनिशांच्या हाती आली. वेदीमागे संगमरवरी शवपेटीत असलेला फ्रेडरिक चौथा याने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे मिशनरी १७०६ साली तिथे पोहोचले, तेव्हा तंजावरवर व्यंकोजीराजांच्या वंशजांचे राज्य होते. पुढे १७५० मध्ये याच मिशनमार्फत आलेले श्वार्ट्झ हे सरफोजीराजांचे गुरू झाले. दक्षिणेकडील पांढऱ्याशुभ्र चॅपलमध्ये ज्याच्या नावावरून श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधील सेरामपूरला, फ्रेडरिक्सनगर म्हटले जाई तो फ्रेडरिक पाचवा आहे, आणि ज्याच्या कारकिर्दीत १८४५ साली या दोन्ही वसाहती इंग्रजांना विकल्या गेल्या तो ख्रिश्चन आठवाही आहे. तंजावरच्या मराठ्यांच्या इतिहासाचे धागे इतक्या दूरच्या चर्चमध्ये सापडावेत याचा मला मनापासून आनंद झाला.

कोणाला कोणाशेजारी पुरायचे, यावरून या घराण्यातील नातीही कळतात. फ्रेडरिक चौथा याने पहिल्या राणीच्या अंत्यविधीनंतर दुसऱ्याच दिवशी आना सोफीशी विवाह केला होता. तिच्या सावत्र मुलाला ते कधीच रुचले नाही, म्हणून तिची शवपेटी पतीपासून दूर, ट्रोले चॅपलमध्ये आहे. रशियाची सम्राज्ञी झालेली राजकन्या डॅगमार १९२८ पासून येथे होती, पण २००६ मध्ये तिचे अवशेष सेंट पीटर्सबर्गला, पतीशेजारी नेण्यात आले. फ्रेडरिक नववा याची कबर तर कॅथेड्रलच्या बाहेर, उघड्यावर आहे.

राणी मार्ग्रेथे दुसऱ्या यांच्यासाठी शिल्पकार ब्यॉर्न नॉर्गॉर यांनी काचेचे थडगे घडवले असून ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. त्याखालील स्तंभ फ्रान्सचा वालुकाश्म, फेरो बेटांचा बेसाल्ट आणि ग्रीनलंडचा संगमरवर यांचे आहेत आणि त्यांवर चांदीची हत्तीची मस्तके आहेत, कारण हत्ती हे डेन्मार्कच्या सर्वोच्च सन्मानाचे चिन्ह आहे. ते दोघांसाठी योजलेले होते. परंतु त्यांचे पती प्रिन्स हेन्रिक यांनी २०१७ मध्येच तिथे पुरले जाण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाल्यावर त्यांची अर्धी रक्षा डॅनिश समुद्रात विसर्जित करण्यात आली आणि अर्धी फ्रेडेन्सबोर्ग राजवाड्याच्या खासगी बागेत ठेवण्यात आली.