नवा कोरा, तरी फॉरमॅट?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून लॅपटॉप घरी येतो, त्याला हळदकुंकू लागतं आणि कुणीतरी भाचा फर्मावतो, "मामा, आधी फॉरमॅट मारून घ्या." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने बसवा.

भाचा अगदीच चूक नसतो. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, खेळ, कंपनीची स्वतःची दोन-चार ॲप्स असं बरंच काही न मागता आलेलं असतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपमधलं सुपरफिश हे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर 2015 साली गाजलं, तेव्हा असं फुकटचं सॉफ्टवेअर बँकेच्या सुरक्षित पानातही डोकावू शकतं हे दिसलं होतं. पण भिंतीवरचं कॅलेंडर नको म्हणून कुणी घर पाडत नाही. नको ती ॲप्स काढली, लॅपटॉप चालू होताच आपोआप उघडणाऱ्या ॲप्सची (स्टार्टअपची) यादी छाटली, की बहुतेकांचं भागतं.

तरीही हात शिवशिवत असतील, तर फोटो आणि टॅलीचा डेटा चढायच्या आत उरकावं. सोबत ऑफिस मिळालं असेल तर ते आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदवावं. 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बिघडलं तर विंडोज परत आणायची सोय, करून ठेवावा. विंडोजच्या कीची, म्हणजे परवान्याच्या क्रमांकाची, चिंता नको. ती मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्येच (फर्मवेअरमध्ये) असते, त्यामुळे लॅपटॉपसोबत आलेली आवृत्ती, बहुधा होम सिंगल लँग्वेज, आपोआप बसते. अशा मशीनवर दुकानातला पोरगा 'प्रो टाकून देतो' म्हणत विंडोजची चोरटी प्रत (क्रॅक) चढवतो, म्हणजे पैसे मोजलेलं अस्सल पुसून फुकटचं नकली घ्यायचं!

खरा घोळ पुढे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज बसवायचा 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून लॅपटॉप सुरू (बूट) केला, आणि डिस्कची यादी रिकामी. एसएसडी गेलेली नसते. इंटेलच्या 11व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून आयआरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) हा ड्रायव्हर उतरवून, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावी आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवावी. नुसती .ईएक्सई ठेवली तर इन्स्टॉलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढं जमलं की ड्रायव्हरअभावी वायफाय रुसतं, आणि विंडोज 11 होमला तर सुरुवातीलाच इंटरनेट हवं. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग लावलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, की बहुधा गाडी सुटते.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, गुपचूप सुरू होतं. त्याची 48 आकडी रिकव्हरी की खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून वॉरंटीच्या बिलाला टाचावी. बायोसचा (लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरचा) एखादा अपडेट झाला की लॅपटॉप कधीकधी तीच मागत बसतो.